यादी की यादीचा पत्ता? पर्लमधले अ‍ॅरे रेफरन्स



पर्ल शिकणारी मुलं अ‍ॅरेपर्यंत छान येतात आणि रेफरन्स आला की अडखळतात. चिन्हं अवघड आहेत असं ती म्हणतात. पण खरा प्रश्न वेगळाच असतो : माझ्या हातात यादी आहे, की यादीचा पत्ता?

लॅरी वॉल यांनी 1987 मध्ये पर्ल आणली. रेफरन्स आले 1994 च्या पर्ल 5 मध्ये. त्यांची गरज काय? अ‍ॅरेच्या एका खणात एकच स्केलर मावतो, म्हणजे एखादी संख्या किंवा शब्द. अख्खी यादी मावत नाही. मग वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या गुणांची यादी एकत्र कशी ठेवायची? खणात यादीचा पत्ता ठेवायचा. हाच रेफरन्स.

फळ्यावर एवढंच लिहा (संगणकावर मराठी नावं वापरायची तर फाइलच्या सुरुवातीला 'यूज यूटीएफ8' ही ओळ हवी) :

@गुण = (32, 48, 61);
$पत्ता = \@गुण;
$पत्ता->[0] = 35;

उलटी तिरकी रेघ पत्ता घेते, बाण त्या पत्त्यावर नेतो. मोजणी शून्यापासून, म्हणून [0] हा पहिला खण. आता विचारा, @गुण मधला पहिला आकडा कोणता? बरीच मुलं 32 म्हणतील. उत्तर 35! घर एकच आहे ना.

इथेच धोका आहे. सवलतीचे गुण 'नुसते देऊन पाहू' म्हटलं, तर मूळ नोंदच बदलते आणि संगणक चूक दाखवत नाही. मूळ यादी जपायची असेल तर प्रत काढा :

$प्रत = [ @गुण ];

चौकोनी कंस नवी यादी बांधतो आणि तिचा पत्ता देतो. आता $प्रत->[0] खुशाल बदला, @गुण तसाच राहील.

मात्र यादीच्या खणांतच पत्ते असतील, तर या रीतीने फक्त पत्त्यांची प्रत निघते. आतली घरं तीच राहतात. तिथे स्टोरेबल मॉड्यूलमधलं डीक्लोन वापरावं, ते आतपर्यंत प्रत काढतं.

पालकांनी घरी एक वही, तिची जागा लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या आणि एका पानाची झेरॉक्स घ्यावी. कोणत्याही चिठ्ठीवरून वहीपाशी जाऊन खोडलं, तर वही बदलते; झेरॉक्सवर खोडलं, तर नाही. एवढं मुलाने स्वतः सांगितलं की चिन्हं आपोआप सोपी होतात.