आधी साखर मोजा

जाफराबादेत साखरेचा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. देशात 10.1 कोटी मधुमेही आहेत, असं आयसीएमआर-इंडियाबच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं. आमच्या एका गल्लीत फिरलं तरी ते पटतं. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हटलं, की मात्र लोक नाव पुन्हा विचारतात. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर, मज्जारज्जूवर आणि डोळ्यांच्या नसांवर उलटते, नसांवरचं मायलिनचं वेष्टन खराब करते, आणि मेंदूचे निरोप वाटेत अडखळतात. एमएस म्हणतात तो हा आजार.

मला दोन्ही आहेत. एमएस आधीचा, साखर त्यानंतरची. मेंदूचे डॉक्टर छत्रपती संभाजीनगरला, साखरेचे जालन्याला. दोघंही आपापल्या कामात पक्के आहेत. पण या दोन आजारांच्या मधली जी जागा आहे, ती कुणाच्याच चिठ्ठीवर येत नाही. ती घरच्यांनाच सांभाळावी लागते. आम्ही ती सांभाळताना जे कळलं, ते इथे लिहिते.

1. हातपाय गळाले की आधी मीटर काढा

साखर 70 च्या खाली गेली, की हात थरथरतात, डोळ्यांपुढे धूसर होतं, जीभ जड पडते, पाय उचलवत नाहीत, समोरचा काय म्हणतोय ते ध्यानात येत नाही. यातलं एकेक लक्षण एमएसमध्येही असतं. म्हणूनच एमएसच्या जुन्या माणसाला धोका जास्त. त्याला हे सगळं ओळखीचं वाटतं, ‘आज आजारानं डोकं वर काढलंय’ म्हणून तो पडून राहतो. एमएसच्या थकव्यात पडून राहिलेलं चालतं. साखर उतरलेली असताना मुळीच चालत नाही.

फरक ओळखायच्या काही खुणा आहेत. साखर उतरते तेव्हा घाम फुटतो, छाती धडधडते, कडाडून भूक लागते, आणि हे सगळं काही मिनिटांत होतं. एमएसचा खरा अटॅक तासातासानं, दिवसादिवसानं चढत जातो आणि निदान 24 तास टिकतो. पण खुणांवर विसंबू नये. बोट टोचायला एक मिनिट लागतं.

आकडा 70 च्या खाली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं. पेढा, बिस्किट किंवा भाकरी नको. तूप-पिठातली साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. सावरल्यावर मग जेवायचं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असणाऱ्यांना हा धोका खरा. फक्त मेटफॉर्मिनवर असणाऱ्याची साखर अशी सहसा कोसळत नाही.

उलट, साखर 300 च्या वर गेली तरी गळून जायला होतं, दिसायला अंधुक होतं. तेही एमएसच्या खात्यावर जमा होतं. म्हणून मीटर दोन्हींसाठी.

2. स्टेरॉइडच्या दिवसांत सकाळचा आकडा फसवा असतो

एमएसचा मोठा अटॅक आला की मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून देतात, साधारण रोज 1 ग्रॅम, 3 ते 5 दिवस. या औषधानं लिव्हर रक्तात जास्त ग्लुकोज सोडू लागतं आणि स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासे होतात. ज्यांची साखर काठावर होती, त्यांचा मधुमेह कित्येकदा याच दिवसांत पहिल्यांदा उघड होतो. माझा तसाच झाला.

यातली मेख वेळेत आहे. बाटली सकाळी लागते, साखर दुपारपासून चढते, संध्याकाळी सगळ्यांत वर असते आणि पहाटेपर्यंत बरीच खाली येते. वॉर्डात रिवाज उपाशीपोटी तपासण्याचा. माझी सकाळची साखर 118 आली, सगळे निश्चिंत झाले. संध्याकाळी आमच्या यांनी घरचं मीटर काढून पाहिलं तर 362. त्यानंतर दोन्ही जेवणांनंतर दोन तासांनी आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मोजायचं, असं आम्ही स्वतःच ठरवून टाकलं आणि डॉक्टरांनीही ते उचलून धरलं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी इथे उपयोगाची नाही. पाच दिवसांची उसळी त्या सरासरीत दिसतच नाही. अंगात रक्त कमी असेल तर ती तपासणी तशीही चुकीचं सांगू शकते, आणि आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असणं काही नवलाचं नाही.

पहिली बाटली लागण्याआधीच तीन गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात. साखर किती वाढली की इन्सुलिन द्यायचं? ते किती द्यायचं हे कोण सांगणार? आणि स्टेरॉइड थांबलं की ते कमी कोण करणार? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. शेवटच्या बाटलीनंतर एकदोन दिवसांत साखर उतरायला लागते, पेशंट तोवर घरी आलेला असतो, आणि वाढवलेलं इन्सुलिन तसंच चालू राहिलं तर मध्यरात्री साखर कोसळते. पुढे तोंडावाटे स्टेरॉइडच्या उतरत्या गोळ्या असतील, तर गोळी कमी झाली की साखरेचं औषधही पुन्हा बघावं लागतं.

आणि साखरेच्या भीतीनं कुणी स्टेरॉइड परस्पर नाकारू नये. स्टेरॉइडनं अटॅकमधून सावरणं लवकर होतं. दीर्घकाळात आजार कुठे जाईल हे त्यानं बदलत नाही. त्यामुळे अटॅक सौम्य असेल तर ‘थांबून पाहिलं तर चालेल का’ असं डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. डोळ्याची नजर किंवा पाय गेला असेल, तर साखर इन्सुलिननं आवरता येते हे लक्षात ठेवून औषध घ्यावं.

3. ‘ताकदीचं सलाईन’ लावण्याआधी बाटलीवरचं नाव वाचा

अशक्तपणा आला की सलाईन, ही आपल्या भागातली जुनी समजूत. 500 मिलिलिटरच्या 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये 25 ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि ते थेट रक्तात जातं. डीएनएसच्या बाटलीतही तेवढंच. डीएनएसमधलं डी म्हणजे डेक्स्ट्रोज. एमएसच्या थकव्यावर त्याचा इलाज होत नाही आणि साखर मात्र चढते. स्टेरॉइड ज्यात मिसळून देतात ते पाणीही साधं मिठाचं घेता येतं. तेवढं सिस्टरांना आधी सांगून ठेवावं.

4. जुनं दुखणं जागं झालं तर लघवी तपासा

एमएसमध्ये लघवीचा त्रास पुष्कळांना असतो. घाईची लागते किंवा पुरती होत नाही, थोडी आत राहते. त्यात साखर वाढलेली असेल तर जंतूंना आयतंच फावतं. जंतुसंसर्गानं साखर आणखी वाढते आणि अंगात ताप भरतो. तापानं जुनी लक्षणं परत येतात: बरा झालेला डोळा पुन्हा मंद, सावरलेला पाय पुन्हा फरफटत. श्रमानंतर नजर तात्पुरती मंदावते, हे विल्हेल्म ऊथॉफ यांनी 1890 सालीच नोंदवलेलं आहे; त्यामागे अंग तापणं असतं, हे नंतर कळलं. नवा अटॅक नसताना हे सगळं होतं. अशा वेळी थेट स्टेरॉइड दिलं, तर संसर्ग आणि साखर दोन्ही भडकतात. म्हणून आधी ताप, लघवी, साखर. अटॅकचा विचार त्यानंतर.

एसटीच्या प्रवासात सोय नसते म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दोष त्यांचा नसतो. पण या दोन आजारांत तहान मारणं महागात पडतं. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात; लघवी तुंबण्याचा त्रास असेल किंवा कॅथेटर असेल, तर त्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना तसं आवर्जून सांगावं.

5. ज्वारीची भाकर चांगली, पण फुकट नाही

‘भाकरीनं कुठं साखर वाढती का?’ असं सासूबाई म्हणायच्या. वाढते. ज्वारीतही मुख्यतः पिष्टच असतं. मैद्यापेक्षा आणि पांढऱ्या भातापेक्षा ती बरी, एवढंच. मी जेवणाआधी आणि दोन तासांनी मोजून पाहत गेले. तीच भाकर घट्ट वरण, मेथी किंवा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ली की आकडा कमी चढतो, नुसत्या रश्शात कुस्करून खाल्ली की जास्त. सासूबाईंनी ते वहीतले आकडे पाहिले आणि मग ताटात माझी भाजी आधी वाढायला लागल्या.

उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, भगरीनंही साखर वाढते. एकादशी धरायचीच असेल तर त्या दिवसाच्या गोळीचं प्रमाण आधी विचारून घ्यावं. अमुक खाल्ल्यानं एमएस थांबतो असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तसं एकही जेवण अजून सिद्ध झालेलं नाही.

6. स्नायू वापरात ठेवा

जेवणानंतरची साखर सगळ्यांत जास्त शोषतात ते स्नायू. चालणं कमी झालं की ते काम मंदावतं, म्हणून एमएसमध्ये वजन न वाढताही साखर वाढू शकते. खुर्चीत बसून पाय सरळ करणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं, जेवण झाल्यावर दहा मिनिटं. एवढ्यानंही माझ्या आकड्यात फरक पडतो. अंग तापू नये म्हणून गारव्यात किंवा कूलरसमोर, उन्हात नाही.

7. उन्हाळ्यात इन्सुलिन, पट्ट्या आणि बोटं

मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी लाईट जाते. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत. वापरातलं 30 अंशांच्या आत ठेवलं तर साधारण चार आठवडे टिकतं. फ्रीज बंद असेल तेव्हा डबीत घालून माठाच्या गारव्यात ठेवतो. कोरड्या हवेत पाणी झिरपून उडतं आणि आत गार राहतं, म्हणून ही युक्ती मराठवाड्याच्या उन्हाळ्यात चालते. पावसाळ्याच्या दमट हवेत तेवढी चालत नाही. मीटरच्या पट्ट्याही उन्हात गाडीत ठेवल्या की खोटं बोलतात.

माझ्या उजव्या हाताची बोटं बधिर आहेत. सुई बोटाच्या कडेला टोचायची, हात आधी साध्या पाण्यानं धुऊन पुसायचे, आणि इन्सुलिनच्या पेनचा आकडा दुसऱ्या कुणीतरी बघायचा. डोस घेतला की लगेच वहीत. एमएसमध्ये विसरायला होतं, आणि तोच डोस दोनदा गेला तर ते निस्तरणं कठीण.

8. तळपाय बधिर झाले तर तिसराही संशयित असतो

मधुमेहाचा बधिरपणा सहसा दोन्ही तळपायांपासून सारखा वर चढतो. एमएसचा एका बाजूला किंवा कमरेभोवती पट्ट्यासारखा येऊ शकतो. तिसरा संशयित म्हणजे बी-12 ची कमतरता. शाकाहारी घरात ती बऱ्याचदा असते, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यानं ती वाढते. चाल डगमगणं, पायांत मुंग्या, विसर हे सगळं तिच्यातही येतं, पण ती औषधानं भरून निघते. म्हणून दरवर्षी बी-12 तपासून घेते.

मेटफॉर्मिनविषयी एक आशेची बातमीही आहे. केंब्रिजच्या संशोधकांना 2019 साली म्हाताऱ्या उंदरांत या औषधानं मायलिन पुन्हा घडण्याची ताकद परत आलेली दिसली. पण हे एमएसचं ठरलेलं औषध नाही. साखर नसलेल्यानं ते मनानं घेऊ नये.

9. डोळ्यांचे डॉक्टर तिसरे

एमएसवर फिंगोलिमॉड सुरू होणार असेल, तर मधुमेह आहे हे मेंदूच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. या गोळीनं डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी सूज येऊ शकते आणि मधुमेहींत तो धोका जास्त असतो. गोळीआधी आणि तीन-चार महिन्यांनी पडदा तपासायचा असतो.

10. एक कागद दाराच्या मागे

आमच्या घरी तो खिळ्याला अडकवलेला आहे आणि त्याचा फोटो यांच्या, पोरांच्या, शेजारच्या जाऊबाईंच्या मोबाइलमध्ये आहे. त्यावर दोन्ही आजारांची नावं, चालू औषधं आणि डोस, दोन्ही डॉक्टरांचे नंबर. खाली ठळक अक्षरांत: गोंधळल्यासारखी बोलत असेल तर आधी साखर मोजा, मीटर सापडत नसेल आणि गिळता येत असेल तर साखरेचं पाणी द्या, शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.