उपनगराचा ताळेबंद

तेरीजपत्रकाच्या दोन्ही बाजू जुळल्या तरी हिशेब निर्दोष असतोच असे नाही. जो व्यवहार रोजकीर्दीत लिहिलाच गेला नाही, त्याचा पत्ता तेरजेला लागत नाही. वाणिज्य शाखेत अगदी आरंभी शिकविला जाणारा हा धडा वर्गाबाहेरही उपयोगी पडतो. मुंबईत नोकरी आणि दूरच्या उपनगरात घर अशी जी लाखो कुटुंबे आहेत, त्यांच्या संसाराच्या वहीत दोन मोठ्या नोंदी राहून गेल्या आहेत. एक खर्चाची आणि एक मालमत्तेची. डोंबिवलीच्या उदाहरणावरून त्या शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

माझे शालेय शिक्षण दादरा नगर हवेलीतील दुधनी येथे मराठी माध्यमातून झाले. घरी मराठी आणि बाजारात गुजराती अशा दोन भाषांत मी वाढलो. मधुबन जलाशयाच्या काठचे आमचे हे गाव सिल्वासापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. तिकडे जायचे म्हणजे घरात आदल्या दिवशी बोलणे होते, आणि परतेपर्यंत दिवस संपलेला असतो. पुढील शिक्षणासाठी डोंबिवलीला मावशीकडे आलो तेव्हा कळले, की येथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ४८ किलोमीटर आहे आणि काका ते अंतर रोज दोनदा कापतात. त्याला येथे कोणी प्रवास म्हणत नाही. ‘ऑफिसला गेले आहेत’ एवढेच म्हणतात.

वस्ती कशी वाढली

बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली व पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत गेली. डोंबिवलीला स्थानक मिळाले ते १८८७ मध्ये. त्यानंतरही बराच काळ हे लहान गावच होते. त्याच्या वाढीला रूळ जितके कारण झाले, तितकाच भाड्याचा कायदाही झाला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंना संरक्षण मिळाले, परंतु भाडी गोठल्यामुळे भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधण्यात मालकांना स्वारस्य उरले नाही. गिरगाव-दादरच्या दोन खोल्यांत भावांची लग्ने झाली, की एकाला बाहेर पडणे भाग पडे. पागडी भरण्याची ऐपत नसलेल्या नोकरदाराला डोंबिवलीत स्वस्त जागा आणि कचेरीपर्यंत थेट गाडी, दोन्ही मिळत.

१९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा यांमुळे सोसायटीच्या घराला कायद्याचा आधार आला. १९७० मध्ये डोंबिवली नागरी सहकारी बँक स्थापन झाली. १९८३ मध्ये कल्याणसह महानगरपालिका आली. थोडक्यात, पगारदार माणसाच्या बचतीवर उभे राहिलेले हे शहर आहे.

न लिहिलेला खर्च

घर घेताना प्रत्येक जण हप्ता, देखभाल खर्च, मालमत्ता कर आणि रेल्वेचा पास यांची बेरीज करतो. पास सुट्ट्या तिकिटांपेक्षा बराच स्वस्त पडतो, म्हणून प्रवासखर्च कमी आहे असे वाटते. परंतु खरी किंमत तासांत मोजली पाहिजे. समजा, घराच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंत एका बाजूला पावणेदोन तास लागतात. दोन्ही बाजू मिळून साडेतीन तास झाले. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर १,०५० तास होतात. आठ तासांचा एक दिवस या मापाने हे १३१ कामाचे दिवस झाले. ३० वर्षांच्या नोकरीत ३१,५०० तास, म्हणजे रात्रंदिवस धरून साडेतीन वर्षांहून अधिक काळ गाडीत, फलाटावर आणि रिक्षाच्या रांगेत जातो. अर्थशास्त्रातील संधी खर्चाचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे. या वेळात मुलाचा अभ्यास घेता आला असता, एखादी परीक्षा देता आली असती, नुसती झोपही घेता आली असती.

हा खर्च सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. नोकरी करणाऱ्या स्त्रीचा दिवस गाडीच्या आधी सुरू होतो आणि गाडीनंतरही संपत नाही. महिलांच्या डब्यात भाजी निवडणाऱ्या हातांचे कौतुक अनेकदा होते. वस्तुतः ते घरकामाचे तास आहेत, जागा मिळेल तेथे उरकलेले. तीन जणांच्या बाकावर चौथी सीट मिळाली तरी नशीब मानावे, अशा स्थितीत ते उरकायचे असतात.

कधी ही किंमत तासांच्याही पलीकडे जाते. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर परस्परविरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकलमधील, दारात उभे असलेले प्रवासी खाली पडले. त्या दिवशी चौघांचा मृत्यू झाला. दारात उभे राहणे ही हौस असते असे म्हणणाऱ्याने सकाळी साडेआठला डोंबिवलीच्या फलाटावर एकदा उभे राहून पाहावे.

न लिहिलेली मालमत्ता

एवढे असूनही लोक येथे का राहतात? काकांना हे विचारले तेव्हा ते म्हणाले, “अरे, मी दिवसभर नसतो, पण घराची मला काळजी नसते.” या उत्तरात दुसरी नोंद आहे. आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडे आहेत, दोन मराठी, एक कन्नड आणि एक गुजराती. चारही घरांच्या जादा किल्ल्या समोरच्या कन्नड आजींकडे असतात. शाळेतून आलेले मूल आधी त्यांच्याकडे जाते. गॅसचा सिलिंडर त्याच घेतात. निवृत्त झालेले गृहस्थ सोसायटीचे हिशेब सांभाळतात, पोळीभाजी केंद्रातील बाई कोणाला डबा उशिरा लागतो हे ध्यानात ठेवते, आणि वाणी महिनाअखेरीस उधारी थांबवत नाही. प्रवास करणाऱ्यांचे शहर म्हणून डोंबिवलीची ओळख असली, तरी तिची शेजारवस्ती प्रवास न करणाऱ्यांनी सांभाळली आहे.

मोठ्या प्रमाणावर पाहिले तरी हेच दिसते. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जमणारी तरुणाई, १९९९ पासून गणेश मंदिराच्या पुढाकाराने निघणारी गुढीपाडव्याची स्वागतयात्रा, २०१७ मध्ये येथे भरलेले अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, ही सर्व कामे उरलेल्या वेळात आणि शेजाऱ्यांच्या ओळखीवर उभी राहतात.

हिशेबशास्त्रात अशा मालमत्तेला ख्याती म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही. स्वतः निर्माण केलेली ख्याती पुस्तकात दाखविण्याची रीतही नाही. धंद्याची विक्री होते तेव्हाच तिची किंमत विचारली जाते.

पुनर्विकासाचा प्रश्न

शेजाराच्या ख्यातीची किंमत विचारण्याची वेळ आता आली आहे. तीन-चार मजली जुन्या इमारती पाडून तेथे मनोरे उभे राहत आहेत. पुनर्विकासाला विरोध करण्याचे कारण नाही. गळके छत आणि लिफ्ट नसलेला जिना यांचा त्रास वृद्धांना विचारावा. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने निम्म्याहून अधिक सभासदांच्या संमतीवर हा निर्णय घेता येतो. करारात चटईक्षेत्र, बांधकामाच्या काळातील भाडे, कॉर्पस निधी आणि ताब्याची मुदत या बाबी लिहितात. मात्र दोन-तीन वर्षे चार बिऱ्हाडे चार दिशांना गेली, तर आजींकडच्या किल्ल्यांचे काय, हे कोणत्याही कलमात नसते. वाढलेला देखभाल खर्च न झेपून एखादे निवृत्त जोडपे घर विकते. पोटभाडेकरू आणि जिन्याखालचा इस्त्रीवाला यांना तर सभेत मतही नसते.

आमच्या इमारतीचा प्रस्तावही सध्या सभेपुढे आहे. माझ्या मते तीन गोष्टी आधीच मागता येतील. जुने शेजारी नव्या इमारतीत शक्यतो एकाच मजल्यावर असावेत. तळमजल्यावर बसण्याची, सभेची जागा नकाशात असावी. पुढील दहा वर्षांच्या देखभाल खर्चाचा अंदाज संमती देण्यापूर्वीच सभासदांपुढे ठेवावा. यांपैकी कशालाही बिल्डरला फार खर्च येत नाही. पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही, आणि मागण्यासाठी आपल्याजवळ काय आहे हे आधी माहीत असावे लागते.

आपल्या महाविद्यालयाच्या मराठी आणि कन्नड या दोन्ही विभागांचे वाचक याच गाड्यांनी येतात व अशाच इमारतींत राहतात. म्हणून एक सूचना करतो. प्रत्येक विद्यार्थ्याने एक आठवडा आपल्या घरातील प्रवासाचे तास लिहून काढावेत, आणि अडीअडचणीला आपण कोणाचे दार ठोठावतो त्या घरांची यादी करावी. वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी मार्गदर्शन केल्यास यातून एक चांगला प्रकल्प होईल. उद्या आपल्यापैकी पुष्कळ जण पगारदार होऊन घर शोधू लागतील. त्या वेळी किंमतपत्रकाशेजारी हे दोन कागदही हाताशी असावेत.