जाळी नीट करणारे हात

वाचन : मार्क १:१६–२०, लूक ५:१–११, योहान २१:१–११



सातपुड्यात नर्मदेच्या काठी राहणाऱ्या आपल्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांना जाळी व होडी घेऊन देण्यासाठी अनेक मंडळ्या दान गोळा करतात. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. ज्यांची शेते पाण्याखाली गेली, त्यांतल्या कित्येकांना आज त्याच पाण्यावर पोट भरावे लागते. म्हणून हे दान चांगलेच आहे. पण जाळे कोणते द्यावे, होडी कशी असावी आणि दिल्यानंतर ती टिकावी कशी, हा विचार आपण दान देण्याआधी करावा, यासाठी हा पाठ आहे. घरच्या प्रार्थनेत, महिला मंडळात किंवा तरुण संघात तो वाचावा आणि शेवटच्या प्रश्नांवर बोलावे.

शास्त्रातील तीन दृश्ये

मार्काच्या पहिल्या अध्यायात प्रभू गालीलाच्या समुद्रकाठी चार जणांना बोलावतो. शिमोन आणि अंद्रिया पाण्यात जाळे टाकत आहेत. ते फेकजाळे आहे. आपल्या कोकणात त्याला पाग म्हणतात. जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान मात्र मासे धरत नाहीत. ते होडीत बसून जाळी नीट करत आहेत. प्रभूचे बोलावणे दोघांनाही सारखेच येते, एकाला कामाच्या वेळी आणि दुसऱ्याला कामाच्या तयारीच्या वेळी.

लूकाच्या पाचव्या अध्यायात कोळी होड्यांतून उतरून जाळी धूत आहेत. त्यांनी रात्रभर कष्ट केले होते आणि हाती काहीच लागले नव्हते. तरी त्यांनी जाळी धुतली. त्या काळची जाळी तागासारख्या जवसाच्या धाग्याची असत. ओली व चिखलाची ठेवली तर ती कुजत. म्हणून मासे मिळोत न मिळोत, धुणे आणि वाळवणे चुकत नसे. प्रभूने पुन्हा खोल पाण्यात जायला सांगितले तेव्हा शिमोनाकडे टाकण्याजोगे जाळे होते. ते त्या सकाळच्या कामामुळे होते.

योहानाच्या एकविसाव्या अध्यायात जाळ्यात १५३ मोठे मासे येतात, आणि इतके असूनही जाळे फाटले नाही, हे योहान मुद्दाम नोंदवतो. तो स्वतः जाळी नीट करणाऱ्यांपैकी होता. जाळे कुठे फाटते हे त्याला ठाऊक होते.

चिखलातून निघालेली होडी

१९८६ साली गालीलाच्या समुद्राचे पाणी दुष्काळामुळे खूप खाली गेले होते. गिनोसार येथील दोघा भावांना काठच्या चिखलात एका जुन्या होडीचे अवशेष दिसले. ती पहिल्या शतकाच्या सुमाराची निघाली. लांबी सुमारे आठ मीटर, रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास. आज ती तिथल्याच संग्रहालयात आहे.

त्या होडीत अभ्यासकांना बारा प्रकारची लाकडे सापडली. मुख्य फळ्या देवदाराच्या, फासळ्या ओकच्या, आणि बाकी जिथे मोडले तिथे जे लाकूड हाताशी होते ते. काही फळ्या जुन्या होडीच्या काढून बसवलेल्या. म्हणजे त्या कोळ्याजवळ पैसा नव्हता, पण त्याने होडी टाकून दिली नाही. पुन्हा पुन्हा ठिगळ लावून चालवली. प्रभू ज्या होड्यांत बसला त्याही अशाच असतील.

आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी नाताळच्या दानातून आम्ही एका वस्तीत जाळी वाटली. शहरातल्या दुकानात सर्वांत स्वस्त जी होती ती घेतली. तंगूसची, पारदर्शक, बारीक डोळ्यांची. आभार झाले, फोटो झाले. होळीच्या सुमारास परत गेलो तर निम्मी जाळी कुडाला अडकवलेली होती. पाण्याखाली जुनी झाडे उभी आहेत, त्यांच्या फांद्यांत अडकून ती फाटली होती. एका वडीलधाऱ्या बाबांनी फाटके जाळे माझ्यासमोर पसरले आणि म्हणाले, "भाऊ, हे शिवायचं कशानं? याचा दोरा इथं मिळत नाही. आणि गाठ मारली तर सुटते." मग टोपलीतले मासे दाखवले. बोटाएवढे होते. "हे पुढच्या वर्षी किलोचे झाले असते."

आम्ही त्यांना एकदाही आधी विचारले नव्हते. ती लाज मी विसरलो नाही. पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे त्यांच्यासारख्यांकडूनच शिकलो.

जाळे निवडताना

जाळ्याचा धागा मुख्यतः दोन प्रकारचा मिळतो. तंगूस म्हणजे एकेरी तंतू. तो पाण्यात दिसत नाही, म्हणून मासे जास्त लागतात, आणि तो स्वस्तही असतो. पण त्याची गाठ सरकते, फाटले तर दुरुस्ती कठीण जाते, आणि लोक ते टाकून देतात. टाकलेले जाळे पाण्यात कुजत नाही. त्यात मासे अडकून मरत राहतात. दुसरा प्रकार अनेक बारीक तंतू पिळून केलेल्या नायलॉनचा. तो थोडा महाग पडतो, पण गाठ धरतो, सुईने विणून नीट करता येतो आणि नीट जपला तर अनेक हंगाम टिकतो. बुडालेल्या झाडांच्या जलाशयात दुसरा प्रकार परवडतो.

मग आस, म्हणजे जाळ्याचा डोळा. तो मोजायची रीत सोपी आहे. जाळे ताणावे आणि एका डोळ्याच्या समोरासमोरच्या दोन गाठींमधले अंतर पट्टीने मोजावे. डोळा मोठा असला की लहान मासे निसटून जातात आणि वाढतात. जलाशयात सोडले जाणारे कटला, रोहू, मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. एकदाही अंडी न घातलेला मासा धरला तर पुढच्या वर्षीची टोपली आजच रिकामी केली. आपल्या जलाशयाला किती आस चालतो हे मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात आणि गावच्या मच्छीमार सोसायटीत विचारून घ्यावे.

देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुकानात वजनावर मिळते ते नुसते जाळीचे कापड. त्याला वरची दोरी, खालची दोरी, तरंगणारे फ्लोट आणि शिशाचे मणी लावल्यावर ते जाळे होते. शिवाय ते दोरीवर सैल बांधावे लागते. साधारण शंभर मीटर दोरीला ताणून दोनशे मीटर भरेल इतके कापड लागते. नाहीतर डोळे नीट उघडत नाहीत. म्हणून हिशेबात दोरी, फ्लोट, शिसे, विणायच्या दोन सुया आणि त्याच जाडीच्या धाग्याची रिळे धरावीत. सुई-दोऱ्याविना दिलेले जाळे अर्धेच दान आहे.

होडी, जॅकेट आणि बर्फ

अनेक जण अजून फुगवलेल्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी लावतात. वळिवाचा वारा सुटला की त्यावरून माणूस परत येईलच असे नाही. म्हणून होडीची गरज खरी आहे. लाकडी होडी गावचा सुतार दुरुस्त करू शकतो, पण ती जड असते आणि फटी दरवर्षी बुजवाव्या लागतात. फायबरची होडी हलकी असते, कुजत नाही, पण तडा गेला तर राळ, हार्डनर आणि काचतंतूची चटई लागते. फायबरची होडी देणार असाल तर हे सामान आणि ते वापरायला शिकलेला गावातला एक तरुण, दोन्ही तयार ठेवा.

होडीबरोबर लाईफ जॅकेट द्यावेच, होडीत जितकी माणसे बसतील तितकी. जॅकेट वजनाप्रमाणे असते. मोठ्याचे जॅकेट लहान मुलाच्या अंगातून निसटते. त्यावर उशीसारखे बसू नये, आतला फोम दबून जातो. वर्षातून एकदा ते घालून, पट्टे आवळून, कमरेएवढ्या पाण्यात तरंगून पाहावे. पट्टा तुटका असेल तर ते जॅकेट नाही असेच समजावे.

उन्हाळ्यात धरलेला मासा दुपारपर्यंत खराब होतो आणि व्यापारी पाडून भाव देतो. एक झाकणाची बर्फाची पेटी असली तर तोच मासा बाजारापर्यंत ताजा जातो. एक किलो माशाला सुमारे एक किलो फोडलेला बर्फ घ्यावा. खाली बर्फ, मग मासे, पुन्हा बर्फ असे थर द्यावेत. वितळलेले पाणी जायला पेटीच्या तळाशी भोक हवे. काम झाल्यावर पेटी धुऊन उघडी वाळवावी.

निगा

रोज परत आल्यावर जाळे स्वच्छ पाण्यात धुवावे. अडकलेले खवले, काटक्या, शेवाळ काढावे. मग सावलीत वाऱ्यावर वाळवावे. नायलॉन पाण्याने कुजत नाही, पण कडक ऊन त्याला ठिसूळ करते. कोरडे झाले की उंच टांगावे. माशाचा वास राहिला तर उंदीर कुरतडतात.

लहान भोक त्याच दिवशी शिवावे. एक तुटलेला डोळा आठ दिवसांत हात जाईल एवढा होतो. भोकाच्या कडेचे तुटके धागे कापून साफ करावेत. जिथे गाठीतून तीन धागे निघतात तिथून सुरुवात करावी आणि तशाच गाठीवर संपवावे. डोळे सारखे यावेत म्हणून बांबूची एक कपची माप म्हणून बोटांत धरावी. हे काम बायका आणि वृद्ध माणसे फार सुबक करतात. जाळे टाकणाऱ्याइतकाच मान त्यांनाही द्यावा.

होडी पावसाळ्याआधी काठावर उलटी करून तळ पाहावा. लाकडी होडीच्या फटी कापूस आणि राळ-तेलाने बुजवाव्यात. फायबरचा तडा पूर्ण कोरडा झाल्यावरच भरावा. ओल्यावर लावलेले ठिगळ सुटते.

तोच शब्द

याकोब व योहान जाळी नीट करत होते, तिथे मार्काने ग्रीक भाषेतला ‘कातार्तिझो’ हा शब्द वापरला आहे. मोडलेले जोडून पुन्हा कामाजोगे करणे, असा त्याचा अर्थ. हाच शब्द पौल गलतीकरांस ६:१ मध्ये घालतो, जिथे चुकलेल्या भावाला सौम्यतेने पुन्हा उभे करायला सांगितले आहे. इफिसकरांस ४:१२ मध्ये पवित्र जनांना सेवेसाठी सिद्ध करण्याबद्दल तो त्याच शब्दाचे नामरूप वापरतो. आणि पेत्र, जो स्वतः कोळी होता, तो दुःख सोसलेल्यांना देव स्वतः पूर्ण करील असे लिहितो (१ पेत्र ५:१०), तिथेही हाच शब्द आहे.

ज्यांची शेते, देवस्थाने, वाटा पाण्यात गेल्या त्यांच्याकडे आपण पुष्कळदा एकदाच जातो, काहीतरी देतो आणि परततो. जाळी नीट करणाऱ्याला तसे चालत नाही. त्याला फाटलेल्या जागी बसावे लागते. किती फाटले हे बोटांनी चाचपावे लागते, आणि उद्या पुन्हा बसावे लागते. आपले दानही असे असावे. आधी विचारलेले, त्यांना स्वतः दुरुस्त करता येईल असे, आणि दुसऱ्या वर्षी परत जाऊन पाहिलेले. त्या बाबांच्या वस्तीत आम्ही पुढच्या वर्षी नायलॉनचा धागा आणि सुया घेऊन गेलो. विणायचे त्यांनीच आम्हाला शिकवले.

चर्चेसाठी

१. रिकाम्या रात्रीनंतरही कोळ्यांनी जाळी धुतली. आपल्या सेवेत फळ दिसत नाही तेव्हा आपण कोणते काम सोडून देतो?

२. आपल्या मंडळीने मागच्या वर्षी दिलेली कोणती वस्तू आज वापरात आहे? कोणती पडून आहे? का?

३. घेणाऱ्याला आधी न विचारता आपण काय काय ठरवतो?

४. आपल्या मंडळीत कोणते नाते फाटलेले आहे, जे भोक लहान आहे तोवर शिवायला हवे?

प्रार्थना

हे प्रभू, तू कोळ्यांच्या होडीत बसलास आणि त्यांची भूक ओळखलीस. पाण्यावर जाणाऱ्या आमच्या भावांना आणि काठावर वाट पाहणाऱ्या बहिणींना सांभाळ. आम्हाला ऐकणारे कान दे, आणि फाटलेल्या जागी बसून राहणारे हात दे. येशूच्या नावात मागतो. आमेन.