घर आपलं, जमीन कुणाची?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं ओरेगन राज्य, त्याच्या अगदी दक्षिणेला टॅलेंट आणि फीनिक्स ही दोन छोटी गावं. मी शेजारच्या मेडफर्डमध्ये राहते, हिशेबाची कामं करते, आणि कामापुरती स्पॅनिश बोलते. तेवढ्या भांडवलावर २०२० च्या आगीनंतर मी फॉर्म भरून देणाऱ्यांच्या टेबलावर बसले आणि बराच काळ बसून राहिले. तिथे जे पाहिलं त्यातलं उपयोगाचं सांगते.

८ सप्टेंबर २०२० ला ॲशलंडमध्ये आल्मेडा ड्राइव्हजवळ आग लागली. वारा जोराचा, गवत वाळलेलं. बेअर क्रीकच्या काठाने ती टॅलेंट, फीनिक्स जाळत संध्याकाळपर्यंत मेडफर्डच्या वेशीवर आली. तीन माणसं गेली, अडीच हजारांच्या आसपास घरं गेली. टीव्ही-रेडिओवरून धोक्याचा इशारा दिलाच गेला नाही. टेबलावर आलेल्या बहुतेकांना बातमी कळली ती चुलतभावाच्या फोनवरून, नाहीतर दार बडवणाऱ्या शेजाऱ्याकडून. म्हणून पहिलं सांगणं हेच, की कुणी कुणाला फोन करायचा आणि कुठल्या म्हाताऱ्या माणसाला कुणी गाडीत घ्यायचं हे आपल्या गल्लीत आधी ठरवून ठेवा.

जळालेल्यांत मोबाइल होम पार्कमधली घरं फार होती. नावात ‘मोबाइल’ असलं तरी ही घरं एकदा बसवली की सहसा हलत नाहीत. पेअरच्या बागांत आणि द्राक्षमळ्यांत राबणाऱ्या, मुख्यतः मेक्सिकन मुळाच्या कुटुंबांनी ती पै-पै साठवून घेतलेली. घर त्यांचं, खालची जमीन पार्कमालकाची, तिचं दरमहा भाडं. पुण्या-मुंबईत सोसायटीच्या नावावर जमीन चढवायला म्हणजे कन्व्हेयन्सला वर्षानुवर्षं झटणाऱ्यांना यातली गोम लगेच कळेल. घर जळालं की हातात उरते फक्त राखेने भरलेली भाड्याची जागा. त्या जागेवर पुन्हा पार्क उभारायचा की ती विकायची, हे मालक ठरवणार. त्यात १९७६ पूर्वीच्या जुन्या घरांना विमा मिळायचीच मारामार.

मग ‘फेमा’चे, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती विभागाचे अर्ज. इथे मला जास्त वेळ थांबायचंय. नकाराची पत्रं ढिगाने आली, आणि ती इंग्रजीत वाचून लोक गप्प घरी बसत. घर कुठलं म्हणा, मोटेलच्या खोलीत. नकाराची कारणं मात्र बरेचदा किरकोळ निघत. एकाच पार्कमधल्या सगळ्यांचा पत्ता एकच, जागेचा क्रमांक लिहायचा राहिला, की यंत्रणेला तो एकाच घराचा दुसरा अर्ज वाटायचा. वडिलांकडचं आणि आईकडचं अशी दोन आडनावं लावणाऱ्या बाईचं एका कागदावर एकच आडनाव, दुसऱ्यावर दोन्ही. घराच्या मालकीचा कागद घराबरोबरच जळालेला. अशा पत्राला ६० दिवसांच्या आत अपील करता येत होतं, आणि कागद जोडून केलेली अपिलं मंजूर होताना मी पाहिली. तेव्हा मालकीचा कागद, जागेच्या भाड्याच्या पावत्या आणि खोल्यांचे फोटो दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा. पत्रावर ‘नामंजूर’ दिसलं तरी खालची बारीक अक्षरं कुणाकडून तरी वाचून घ्या.

आणखी एक नाजूक बाब. आईवडिलांकडे अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं नसली तरी घरातलं मूल अमेरिकेचं नागरिक असेल, तर त्याच्या नावाने अर्ज करता येत होता. पण फेमा ज्या खात्यात येतं, त्याच खात्यात परदेशी लोकांना पकडून परत पाठवणारी यंत्रणाही आहे. आयाबायांची भीती खुळी नव्हती. अशा वेळी टेबलावरच्या माझ्यासारखीने हुशारी करून ‘भरा हो, काही होत नाही’ असं म्हणू नये. आधी स्थलांतराचे कायदे जाणणाऱ्या वकिलाकडे पाठवावं.

लोक विश्वासाने गेले ते ओळखीच्या दारात. मेडफर्डला ‘उनेते’ ही शेतमजुरांची संस्था आगीच्या कितीतरी आधीपासून आहे. आगीनंतर ‘कोआलिसियोन फोर्तालेसा’ ही लॅटिनो पुढाकाराची संघटना उभी राहिली, आणि तिने मूळ दुखण्यालाच, जमिनीलाच, हात घातला. टॅलेंट मोबाइल इस्टेट्स हा पार्क बहुतांश जळाला होता. ओरेगनमध्ये पार्क विकायला काढताना मालकाला रहिवाशांना कळवावं लागतं, आणि त्यांना समिती करून स्वतः बोली लावता येते. मुदत मात्र मोजक्या दिवसांची. त्या दिवसांत समिती, वकील आणि कर्ज जमवणं एकट्यादुकट्याचं काम नाही. अशा खरेदीत मुरलेली ‘कासा ऑफ ओरेगन’ ही संस्था या संघटनेबरोबर उतरली, सरकारी पैसा आला, आणि पार्क रहिवाशांच्या मालकीकडे नेण्याची वाट मोकळी झाली.

तरी वर्षं गेलीच. पाइप, गटारं, विजेच्या तारा, सगळं जमिनीखालून नवं करायचं. तोवर कित्येक कुटुंबं लांब पांगली. घाईचाही तोटा होतो. फीनिक्समध्ये सरकारी पैशातून आणलेली तयार घरं २०२३ मध्ये सदोष निघाली, भिंतींना बुरशी. घर ताब्यात घेण्यापूर्वी स्वतंत्र तपासनीस आणा, मग तो कितीही पैसे मागो.

असा रहिवाशांच्या मालकीचा सहकारी पार्क करू पाहणाऱ्यांनी सभा रविवारी दुपारी ठेवावी, जेवण ठेवावं, मुलांना सांभाळायला कुणीतरी असावं. नाहीतर बागेत दिवसभर राबलेली बाई येणार कशी? सभा स्पॅनिशमध्ये चालवून इंग्रजीवाल्यांच्या कानाला हेडफोन द्यावेत, उलटं करू नये. आणि पैशाचं सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं. जमीन आपली झाली म्हणून महिन्याची रक्कम बंद होत नाही, कारण कर्जाचे हप्ते, पाणी, रस्ता, विमा हे त्यातूनच भागवायचं असतं. फरक इतकाच, की ती वाढवायची तर मालकाचं पत्र येत नाही, सभासदांना हात वर करून मत द्यावं लागतं. आणि त्या सभेत भांडणं होतात, चांगली कडाक्याची.