शब्दाची जात एकट्या शब्दाला विचारू नये

बाळ, इंग्रजी वाक्यातल्या शब्दांच्या जाती ओळखायला बसलीस की पहिल्या शब्दापासून सुरुवात करू नकोस. आधी क्रियापद धर.

वाक्याच्या तोंडाशी 'यस्टर्डे' लावायचं आणि कोणता शब्द बदलतो ते बघायचं. 'द फार्मर्स वॉटर द कॉटन बिफोर सनराइज.' इथे 'वॉटर'चं 'वॉटर्ड' होतं. म्हणजे हे प्यायचं पाणी नव्हे, कापसाला पाणी देणं आहे. 'कट', 'पुट' असले शब्द भूतकाळातही तसेच राहतात. तिथे कर्ता 'ही' करून बघ, वर्तमानकाळात 'कट्स', 'पुट्स' होतं. 'कोल्ड वॉटर'मधला 'वॉटर' मात्र नाम.

आपला घोळ होतो तो मराठीमुळे. 'कुत्र्याने मांजराला धरलं' म्हण किंवा 'मांजराला कुत्र्याने धरलं' म्हण, कोणी कोणाला धरलं हे प्रत्यय सांगतो. इंग्रजीत 'डॉग' आणि 'कॅट'च्या जागा बदलल्या की धरणारं मांजर होतं. तिथे जागेवरून काम कळतं. आपल्या युसूफ वडगावचंच बघ ना: दसऱ्यापर्यंत जे नवरा-बायको आपल्या रानात शेतकरी असतात, तेच ऊसतोडीला गेले की मुकादमाच्या हिशेबात दोघं मिळून एक 'कोयता'. शब्दाचंही तसंच, काम बदललं की नाव बदलतं.

आता 'आफ्टर' आणि 'बिफोर'. यांच्यावर पोरं हमखास गुण घालवतात. पुढे नुसतं नाम असेल, 'आफ्टर द रेन', तर शब्दयोगी. पुढे कर्ता-क्रियापद असेल, 'आफ्टर इट रेन्ड', तर उभयान्वयी. पुढे काहीच नसेल, 'आय हॅव सीन हिम बिफोर', तर क्रियाविशेषण. 'कम इन'मधला 'इन'सुद्धा यातलाच. म्हणून अधोरेखित शब्दावर थांबू नये, त्याच्या उजवीकडे काय आहे ते वाचावं.

शब्दाच्या शेवटी 'एलवाय' दिसलं की क्रियाविशेषण, हे कोणी सांगितलं असेल तर अर्धंच खरं मान. 'फ्रेंडली', 'लव्हली' ही विशेषणं. उलट 'द बस रन्स फास्ट'मधला 'फास्ट' शेपूट नसतानाही क्रियाविशेषण, आणि 'अ फास्ट बस'मधला विशेषण. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे राबतो. 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे कामाला जवळजवळ हातच लावत नाही!

'आयएनजी'साठी 'इट' ठेवून बघ. 'कटिंग केन इज हार्ड वर्क'मध्ये 'कटिंग केन'च्या जागी 'इट' चालतं, म्हणून ते नामाचं काम. 'दे आर कटिंग केन'मध्ये 'कटिंग'ला 'आर'पासून तोडता येत नाही. ते क्रियापदात धर.

आठच जाती का, असंही तू विचारशील. हे काही वेदवाक्य नाही. आपल्याकडे संस्कृतात यास्काने नाम, आख्यात, उपसर्ग, निपात अशा चारच मानल्या. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा साचा डोळ्यांपुढे ठेवला. आजची इंग्रजी पुस्तकं 'द', 'माय', 'दिस' यांना वेगळी जात देतात. जुनी त्यांना विशेषणांत बसवतात. यावर वर्गात वाद घालत बसू नकोस. परीक्षेत तुझ्या पाठ्यपुस्तकात जे नाव असेल तेच लिही.