मेंटॉर झालेल्या भाचीला

चि. सोनूस,


मेंटॉर म्हणून तुला काही मुलं वाटून दिली आणि त्यांची फाइल 'नॅकपुरती' भरायला सांगितली, असं तू लिहिलंस. फाइल भर, पण मुलांशीही बोल.

नेमाने येणारा मुलगा दिसेनासा झाला, जर्नल लिहायचा थांबला, जेवायला यायचा बंद झाला, तर परीक्षेपर्यंत वाट बघू नकोस. हे तुझ्याआधी मेसच्या मावशींना आणि ग्रंथालयातल्या शिपायांना कळतं. त्यांच्याकडे चौकशी करत जा. मग त्याला बाजूला घेऊन विचार, "झोप लागते का? जेवतोस का?" आधी एटीकेटीचं किंवा अडकलेल्या शिष्यवृत्तीचं निघेल. ऐकून घे. "आमच्या वेळी" हे शब्द तर तोंडातून काढूच नकोस.

जगणं नकोसं झाल्याचा सूर लागला, तर "जीव द्यायचे विचार येतात का?" असं सरळ विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नकोस, आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नकोस. समुपदेशकाकडे, डॉक्टरांकडे त्याच्यासोबत जा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तिथल्या तिथे लावून दे. घरचे पोलिसांच्या धाकाने लपवालपवी करतात. त्यांना सांग, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं जातं.

पुढचं काम जाणकारांचं. मध्यरात्री येणारा प्रत्येक मेसेज तू एकटीने पेलायचा नाहीस. तू स्वतः तासिका तत्त्वावर, मानधन रखडलेलं, पुढच्या वर्षाची खात्री नाही. तुझं पत्र वाचून मला मुलांइतकीच तुझी काळजी वाटली. तो नंबर तुझ्यासाठीही आहे, सोनू.

आणखी एक. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, आणि शिक्षक-शिक्षकेतर सर्वांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण मिळायला हवं. तुमच्याकडे समुपदेशक नसेल तर दोघीचौघी मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. प्रशिक्षणात तासिकेवरच्यांना आणि मेसच्या मावशींनाही घ्यावं, हे त्यात स्पष्ट लिही. अर्जाची पोच घ्यायला विसरू नकोस.

तुझी,
मावशी