भूल आणि मिटणारे फुफ्फुस

फुफ्फुसाच्या कडेला वाटाण्याएवढी गाठ सी. टी. स्कॅनमध्ये दिसून येते. ती कर्करोगाची आहे काय, हे ठरविण्यासाठी रुग्णास पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेतून बारीक दुर्बीण घालण्यात येते व गाठीचा तुकडा काढतात. स्कॅन मात्र रुग्णाने छाती भरून श्वास घेतलेला असताना काढलेला असतो. भुलेत फुफ्फुसाचा तो भाग मिटला, तर गाठ जागेवरून सरकते. त्याहून फसवी बाब म्हणजे, दुर्बिणीतून केलेल्या सोनोग्राफीत मिटलेला भागही गाठीसारखाच दिसू शकतो. सुई भलतीकडे जाते, अहवालात काही आढळत नाही आणि रोग आहे तेथेच राहतो.

फुफ्फुस मिटते कशामुळे? रुग्ण उताणा असतो, स्नायू शिथिल झालेले असतात. पोटातील अवयवांच्या भाराने श्वासपटल वर सरकते व फुफ्फुसाचा पाठीकडील भाग दाबला जातो. दुसरे कारण सहजी पटणारे नाही. ते म्हणजे शुद्ध प्राणवायू! हवेतील नत्रवायू रक्तात फारसा शोषला जात नाही, म्हणून तो वायुकोश उघडे धरून ठेवतो. निव्वळ प्राणवायू दिल्यास हा आधार नाहीसा होतो. वाट बंद झालेल्या वायुकोशातील प्राणवायू रक्तात शोषला जाऊन कोश रिकामा पडतो.

अमेरिकेत ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील डॉक्टरांनी यावरील उपायाचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. श्वासनलिकेत नळी बसविताच फुफ्फुस एकदा जादा दाबाने पूर्ण फुलवावयाचे, श्वास सुटल्यावरही ८ ते १० सेंटिमीटर पाण्याइतका दाब आत राखावयाचा आणि प्राणवायूचे प्रमाण १०० टक्क्यांहून कमी ठेवावयाचे, अशी ही पद्धत होय. वीस ते तीस मिनिटांनी पाहता, नेहमीच्या पद्धतीने भूल दिलेल्या ३८ रुग्णांपैकी ३२ जणांच्या फुफ्फुसाचा काही भाग मिटलेला आढळला. नव्या पद्धतीत ३८ पैकी केवळ ११ जणांच्या.

तथापि हा दाब सर्वांस सारखाच मानवतो असे नाही. त्याने रक्तदाब उतरू शकतो, आणि ज्यांच्या फुफ्फुसात हवेचे मोठे फुगे झालेले आहेत, त्यांना तर धोका अधिक. रक्तातील प्राणवायू घटू लागल्यास त्याचे प्रमाण वाढवावेच लागते. यासाठी भूलतज्ज्ञाने तपासणीभर यंत्रावर नजर ठेवणे आवश्यक असते. दुर्बीण चालविणाऱ्या डॉक्टरांकडेही एक काम राहतेच. स्राव ओढून घेताना फुफ्फुसातील हवाही त्याबरोबर निघून जाते. म्हणून ते शोषण गरजेपुरतेच करावे लागते.